आईच्या हातांना मेंदी

एका गावच्या पेठेत एकदा एक वयोवृद्ध बालशिक्षिका राहत असत. लहान मुलाला ज्ञान होते ते हातांनी काम करूनच, असे त्यांचे मत. आणि ते ऐकायला संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर तरुण आया जमत. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत.

त्या आयांमध्ये केतकी नावाची शिष्या भलती उत्साही. बाईंनी एक सांगावं, हिनं घरी चार करावीत. तिच्या रेवूला नुकतंच चौथं लागलं होतं. पोरीसाठी स्वयंपाकघरात एक कोपरा सजला. राजमा आणि हरभरे वेगळे करायला वाट्या, पाणी ओतायला दोन इवले तांबे, आणि बटणं लावायला शिकण्यासाठी नवऱ्याचा चांगला धडधाकट शर्ट. नवरा म्हणे, “शाळा पोरीची आणि बळी माझा!”

एवढा थाट असून रेवू मात्र हातानं जेवत नव्हती. ताट समोर आलं की चिमणीच्या पिलासारखा आ करून बसे. इकडे केतकीची रजा संपत आलेली. सोमवारी कामावर रुजू व्हायचं, आणि पाळणाघरवाल्या काकूंनी तर आधीच बजावलं होतं, “हातानं जेवत असेल तरच आणा हं. मला दोनच हात आहेत.” आता नोकरी सोडावी लागते की काय, या चिंतेनं केतकीच्याच घशाखाली घास उतरेना.

शेवटी ती बाईंकडे गेली.

“बाई, तुम्ही सांगितलंत ते सगळं केलं हो. राजमा-हरभरे तर काय सुरेख वेगळे होतात!”

“कोण करतं?”

“रेवूच. मी आपली थोडी मदत करते.”

“थोडी म्हणजे किती?”

“म्हणजे... राजमा मी काढते. हरभरेही मीच. वाटी ती धरते.”

“उद्या येते,” एवढंच बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या कालवलेल्या मेंदीचा वाडगा घेऊन. नागपंचमी तोंडावर होती, तेव्हा मेंदीचं नवल नव्हतं. केतकीनं हौसेनं रेवूचे हात पुढे केले. बाईंनी ते बाजूला सारले. “तुझे दे.” आणि नखांपासून मनगटापर्यंत, आतून-बाहेरून, नक्षी नाही की ठिपका नाही, भिंत लिंपावी तशी मेंदी थापली. बाईंना आता दिसेनासं झालं वाटतं, असं केतकीच्या मनात आलं. पण गुरूला कसं बोलायचं?

मग बाईंनी वरणभाताचं ताट वाढून रेवूपुढे ठेवलं. रेवूनं शिरस्त्याप्रमाणे आ केला. केतकी पुढे सरसावली.

“मेंदी पुसेल!” बाई कडाडल्या.

“मग तुम्ही तरी भरवा ना, बाई.”

“माझे गुडघे धरलेत. वाकवत नाही.”

मघाशी मेंदी थापताना हे गुडघे कुठे गेले होते, असं विचारायची केतकीची छाती झाली नाही. रेवूचा आ तसाच. घरात कुणी हलेना. अखेर पोरीचा जबडा दुखला असावा. तिनं तोंड मिटलं, आईच्या हातांकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि पाची बोटं भातात खुपसली.

पहिला घास गालाला लागला, दुसरा फ्रॉकच्या गळ्यात उतरला. वरणाचा ओघळ कोपरापर्यंत पोचला.

“अगं, ताट कलतंय! अशी नाही, बोटं अशी जुळव—”

“तोंडालाही मेंदी लावू का गं?” बाईंनी विचारलं.

केतकी मागे सरकली. पुढचा घास बरोबर तोंडात गेला. त्यानंतरचाही. आणि मग रेवू उठली, मुठीत भात घेऊन आईजवळ आली. “आई, तुला हात नाहीत ना आज? आ कर.” केतकीनं आ केला. अर्धा भात हनुवटीवर सांडला, पण तिचे डोळे भरून आले.

तेव्हा बाई म्हणाल्या, “तिला येत नव्हतं असं नाही, केतकी. तिची पाळीच येत नव्हती. मूल जरा अडखळलं की आईचा हात आधी पोचतो, आणि मग मुलाचा हात मुकाट्यानं मागे फिरतो. तू मांडलेले खेळ उत्तमच होते. फक्त ते तूच खेळत होतीस. सांडणं, लवंडणं हाच लेकराचा अभ्यास असतो. तो आपण पुसून काढला, तर त्यानं शिकायचं कशावर?”

सोमवारी केतकी रेवूला पाळणाघरात सोडून कामावर गेली. संध्याकाळी आणायला गेली, तर काकू दारातच उभ्या.

“जेवली हो हातानं, चाटूनपुसून. पण पलीकडच्या पोराला हातच लावू देईना ताटाला! ‘तू आ कर, मी भरवते,’ म्हणे. तो आपला रडतोय. तुम्ही जरा समजवा तिला.”

केतकीनं समजावायला तोंड उघडलं. मग क्षणभर थांबली, आणि हसली.

“राहू दे, काकू,” ती हळूच म्हणाली. “उद्या तोच हिचा हात बाजूला सारील.”