अमांडाची मांडी

"अशुभ, अभागी, तसंच अमांडा. अ म्हणजे नाही. जिला मांडी नाही, ती अमांडा," कार्मेलीन मावशी शेजारच्या दुल्सीकाकीला सांगत होती. "आधी आईची मांडी गेली. आता माझ्या मांडीवरचा येलियास तापाने फणफणलाय. रविवारी अनाथाश्रमात सोडून येते बाई तिला."

विहिरीपलीकडे आठ वर्षांची अमांडा मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या खुडत होती. हे तिने ऐकायचं नव्हतं. पण मोठ्या माणसांना वाटतं, झुडपामागे नुसतं झुडूपच असतं.

आई गेल्यापासून चार महिने ती मावशीकडे होती. चार महिन्यांत तिला कुणी मांडीवर घेतलं नव्हतं, हे खरंच होतं. म्हणजे बाकीचंही खरंच असणार. बाळाचा तापसुद्धा आपल्या नावामुळेच.

केळींमधून वाट काढत ती बावखलावर गेली. बावखल म्हणजे वाडीतलं हिरवंगार तळं. केळीच्या पानाच्या तुकड्यावर तिने काट्याने आपलं नाव कोरलं. ते बुडवून टाकायचं आणि बिननावाचं घरी जायचं.

तोच पाण्यात चतुर जातीचा एक पिटुकला किडा पंख भिजून तडफडताना दिसला. हाताशी दुसरं काहीच नव्हतं. अमांडाने नावाचं पान हळूच त्याच्याखाली सरकवलं. चतुर वर चढला, थरथरला, आणि त्याच्या निळ्या-सोनेरी पंखांतून बोटाएवढी परी उभी राहिली. मोरपंखी झगा, केसांत थेंबांचे लुकलुकते मणी.

"बुडवायला आणलेल्या नावाने मला तारलं," परी म्हणाली. "एक इच्छा माग. नियम तीन. गेलेलं माणूस परत आणता येत नाही. कुणाचं मन वळवता येत नाही. आणि मागताना आपलं नाव मान वर करून सांगायचं."

पहिल्या दोन नियमांतच अमांडाच्या दोन्ही इच्छा संपल्या.

"मग मला दुसरं नाव दे," ती म्हणाली. "या नावाला मांडी नाही."

"कोण म्हणतं असं? हे लॅटिन आहे बाळा. म्हातारे फादर पुटपुटतात ना, ती भाषा. अमांडा म्हणजे जिच्यावर प्रेम करायलाच हवं, ती."

"मग कुणी करत का नाही?"

परीच्या पंखांवरचे रंग जरा विझले.

मग अमांडाने मान वर केली.

"मी अमांडा. येलियासचा ताप उतरू दे."

"आणि तुला काय?"

"एकच होती ना."

परीने तिच्या गुडघ्यावर इवलासा हात टेकवला. बावखलभर केशरी-चंदेरी कण उधळले, लख्ख उजेड झाला, आणि पानावर नुसतं नाव उरलं.

घरी ओसरीवर येलियास खुदुखुदु हसत रांगत होता. मावशी डोळे पुसत होती. दुल्सीकाकीने दारातल्या अमांडाला पाहिलं.

"तिथेच थांब गं. पोराला आत्ता कुठे बरं वाटतंय."

अमांडा थांबली. उंबऱ्याशीच मांडी घालून बसली. येलियासने तिला पाहिलं. थपथप रांगत आला, तिचा फ्रॉक धरून चढला आणि अंगठा तोंडात घालून निवांत बसला.

"मावशी," अमांडा म्हणाली, "मला मांडी आहे. बघ."