बुधा कुठवर आला?

फार वर्षांपूर्वी, खडकेवाडीत बाया झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरत, तेव्हाची ही गोष्ट. विहीर खणायला बुधा बेलदार आला. माणूस मुखदुर्बळ, पण त्याची पहार पडली की खडक आपणहून वाट देई, असं म्हणतात.

त्याची बायको येसू काठावर दोर धरून बसायची. घटकेघटकेला बुधा खालून दोराला हिसका द्यायचा. हिसका आला की तिचा जीव भांड्यात पडायचा. पाच पुरुष खोल गेल्यावर एका सकाळी कड ढासळली. येसूनं दोर ओढला, तो तुटून नुसताच वर आला.

संकट आलं की हलगी वाजवून माणसं गोळा करायची, ही वाडीची रीत. हलगी कडाडली, माणसं माती उपसू लागली. येसूनं रिकामी घागर जमिनीवर पालथी घालून तिला कान लावला.

"वाजवू नका," ती म्हणाली. "पहार ऐकू येतीया. त्यो उगवतीकडं सरकतोय."

"खडकातनं माणूस कुठं चालतंय का, बाई?" पाटील म्हणाले. पण त्यांनीही कान लावला आणि ठोका ऐकताच हात वर केला. हलगी थांबली.

मग वाडीनं गुरांच्या गळ्यातल्या घंटासुद्धा काढल्या. येसू ठोक्यामागं चालली, जिथं ऐकू येई तिथं खडा ठेवू लागली. माणसं खणत पोचेपर्यंत बुधा पुढं गेलेला असायचा. थांब, आम्ही येतोय, हे त्याला वरून कसं सांगणार? याच घोरानं तिला अन्न जाईना.

तिसऱ्या दिवशी ठोके मंदावले. ओढ्याची दरड, जिथून तो बाहेर निघाला असता, दहाच पावलं राहिली होती. तेवढ्यात देवळात गुरवानं सवयीनं आरतीचा नगारा बडवला, दोन दिवस बंद ठेवलेला. येसू ओरडत धावली. नगारा थांबला, तेव्हा जमिनीखाली काहीच ऐकू येत नव्हतं.

शेवटच्या खड्याखाली पाण्याचा झरा लागला. बुधा सापडला नाही, त्याची पहारही नाही. गुरव पुन्हा नगाऱ्याला शिवला नाही. येसू म्हणे, तो थांबलेला नाही, माझाच माग सुटला. म्हातारी होईतो ती घागर घेऊन रानोमाळ हिंडली, असं म्हणतात.

आजही वाडीत लग्न असो की जत्रा, वाद्यं आधी खाली ठेवतात. सगळ्यांत म्हातारी बाई घागर पालथी घालून कान लावते. हलगीवाला विचारतो, "बुधा कुठवर आला?"

ती घागरीला कान आणखी दाबते. मांडवातली नवरीसुद्धा श्वास धरून उभी असते.

"चालतोय," म्हातारी म्हणते. तेव्हा कुठं हलगीवर हात पडतो.