आडबंदरचा धाकूबा आणि काठीवरचं फडकं

बसा रे सगळे. घाम पुसत बसू नका, पुसलात की दुसरा येतो, तो काय संपणाराय?

फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या आज्याचा आजा नागडा फिरत होता तेव्हा, आडबंदर गावात धाकूबा म्हणून एक माणूस होता. तो हवा सांगायचा. उद्या वारा कुठला, किती, ढग की ऊन, सगळं. करवंटीत खडेमीठ ठेवायचा, मीठ किती पाझरलं ते बघायचा. दाराला काथ्याची दोरी टांगलेली, ती ओढून बघायचा. आणि मग स्वतःचं कोपर चाटायचा. चाटून बघा तुमचं. पोचतंय? नाही ना? त्याचं पोचायचं, असं म्हणतात.

गाव मच्छीमारांचं. ओहोटीला वल्ही मारत बाहेर जायचं आणि वाऱ्यावर शीड भरून परत यायचं. वारा नसला तर जाता येतं, येता येत नाही, बाहेरची ओढ वल्ह्यांना जुमानत नाही. म्हणून पुढच्या कातळावर एक उंच काठी रोवलेली. वारा येणार असला की धाकूबाच्या घरून तिच्यावर तांबडं फडकं चढायचं. तांबडं दिसलं की होड्या पाण्यात. कोणी येऊन विचारायचं नाही, कोणी शंका काढायची नाही. अशी रीत होती.

धाकूबा जन्मात खोटं बोलला नाही, असं म्हणतात. पण खरंही तो कधी गोड करून बोलला नाही.

एका वर्षी चैत्र सरता सरता वारा पडला. पडला तो पडलाच. माडाचं पात हलेना. समुद्र तेल ओतल्यासारखा. हवा इतकी ओली, की वाळत घातलेले बोंबील सुकायचे सोडून फुगले आणि सडले. रात्र नाही, दिवस नाही, सगळं उकडलेलं. म्हातारी माणसं बसल्या जागी मान टाकायला लागली. घरात दाणा नाही, समुद्रात मासा आहे, आणि मध्ये वारा नाही.

लोक सकाळी यायचे. ‘धाकूबा, आजची हवा काय?’

‘कालची उरलीली हा. तीच आज वाढतंय, खावा.’

‘मेल्या, एकदा तरी बरा बोल!’ बायका कावायच्या.

‘बरा बोलान वारो येता काय गो?’

वीस दिवस झाले, तीस झाले. त्याची थट्टा आटली. हवा तीच राहिली.

धाकूबाला बायको नव्हती, एक मुलगी होती. द्वारकी. काठीवर फडकं चढवायचं काम तिचं. खारीसारखी सरसर चढायची. तिला ताप लागला. अंगातला ताप बाहेर जायला थंड हवा लागते, ती आणायची कुठून? तिला दाराशी बाजेवर ठेवलं. तिथून कातळ दिसायचा, काठी दिसायची. धाकूबा ओलं पटकूर तिच्या कपाळावर ठेवायचा, ते घटकेत गरम व्हायचं.

चाळिसाव्या दिवशी दुपारी ती म्हणाली, ‘बाबा, वारो कधी येतलो?’

धाकूबानं सकाळीच करवंटी बघितलेली. मिठाचं पाणी झालेलं. दोरी ताठ. उद्या वारा नाही, परवा नाही, पुढचे आठ दिवस नाही, त्याला ठाऊक होतं. पोरगी सांज बघत नाही, हेही ठाऊक होतं.

‘येतलो,’ तो म्हणाला. ‘सांजवेळेक येतलो.’

ती हसली. मग दारातून बघत म्हणाली, ‘मगे काठयेर फडको कसो नाय?’

आता काय करेल? तुम्ही काय केलं असतंत? सांगू नका, तुम्ही पण खोटंच सांगाल.

तो उठला. फडकं घेतलं, कातळावर गेला, म्हाताऱ्या हातापायांनी काठीवर चढला आणि ते बांधलं. पोरीचा डोळा लागला की उतरवायचं, असं मनात धरून परत आला.

‘हलत नाय तो,’ द्वारकी म्हणाली.

‘सांजवेळेक हलतलो.’

तिनं त्याचा हात धरला आणि डोळे फडक्याला लावले. मिटेचना ते डोळे.

खाली पुळणीवर सावळो तांडेल ओरडला, ‘धाकूबान फडको लावल्यान रे! होडयो पाण्यात घाला!’

फडकं मेलेल्या माशासारखं लोंबत होतं. पण तांबडं होतं. चाळीस दिवस उपाशी माणसं, त्यांनी रंग बघितला, हललं की नाही ते कोण बघतो? हैया रे, हैया! वाळूवर लाकूड घासल्याचा आवाज आला. एक होडी. दुसरी. धाकूबा मोजत होता. बायका हसत होत्या, कितीतरी दिवसांनी.

उठून दारात जाऊन एक हाक मारली असती तरी थांबली असती ती माणसं. पण हाक पोरीच्या कानात गेली असती. तो उठला नाही. सातवी होडी पाण्यात गेली, तरी उठला नाही.

उन्हं कलली तेव्हा द्वारकी म्हणाली, ‘हलता हा, बाबा.’

हलत नव्हतं. ती गेली.

तेव्हा तो धावला. फडकं ओरबाडून काढलं. समुद्रात सात ठिपके होते, ओहोटीनं पार बाहेर नेलेले. त्यानं हाका मारल्या. एवढ्या लांब काय पोचणार?

मग तो घरात गेला, भिंतीवरचं सूप घेतलं आणि कातळाच्या टोकावर उभा राहून समुद्राला वारा घालायला लागला. गावच्या बायकांना कळलं. त्यांनी दगड मारले, शिव्या दिल्या. तो थांबला नाही. दुसऱ्या दिवशी दगड संपले. तिसऱ्या दिवशी एक बाई आपलं सूप घेऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. तिचा नवरा सावळो तांडेलच्या होडीत होता. तीही वारा घालायला लागली. मग दुसरी आली, मग सगळ्या.

असं म्हणतात, की नवव्या दिवशी त्या सुपांचा वारा खरंच तिथवर पोचला आणि एक होडी परत आली. शीड टरटरून भरलेलं. आत कोणी नव्हतं.

बायका घरी गेल्या. धाकूबा वारा घालतच राहिला. सुपाच्या काड्या झाल्या, हातांची हाडं झाली. पुढं तो दिसला नाही. समुद्रात गेला म्हणा, हवेत विरला म्हणा. कातळात दोन पावलं तेवढी रुतलेली आहेत, त्यात भरतीचं पाणी साचतं.

आडबंदरात ती काठी आता नाही. पण अजून वैशाखातल्या अवसेला घरटी एक बाई सूप घेऊन कातळावर जाते. सगळ्या मिळून समुद्राला वारा घालतात, हात भरून येईस्तोवर. मग त्यांतली सगळ्यात म्हातारी पुढं होते. कधी कधी त्या दिवशी वारा असा सुटलेला असतो की हातातली सुपं उडतात, लुगडी सावरत नाहीत. तरी ती ओरडते तेच, जे धाकूबानं त्या दुपारी ओरडायला हवं होतं:

‘वारो नाय रे! घराक येवा!’