न समजलेल्यांचा वर्ग

ऐका मुलांनो, मोठ्यांनीही ऐका. गोष्ट खूप जुनी आहे. इतकी जुनी, की राज्याचं नाव सांगायला गेले तर माझंच चुकेल.

त्या राज्यात वैद्यकीचं मोठं विद्यापीठ होतं. तिथला रिवाज असा, की पाठ संपला की आचार्य विचारायचे, "समजलं?" मग सगळे एका सुरात, "समजलं!" आणि सगळे जेवायला.

एकदा तिथे एक नवी आचार्या आली. म्हणाली, "काय समजलं नाही, ते आधी सांगा. उत्तर शेजारच्यानं शोधायचं. मी शेवटी बोलेन."

वर्गात नुसता गोंधळ. "मग बाई, तुम्ही कशाला?" एकानं विचारलं.

"ते मलाही अजून नीट कळलेलं नाही रे."

हे कुलगुरूंच्या कानावर गेलं. ते कडाडले, "उद्या रोगी आणतो. तुमच्या वर्गाला निदान जमलं नाही, तर सामान बांधा!"

दुसऱ्या दिवशी ते एका आईला घेऊन आले. तिच्या कडेवरचं रांगतं मूल किंचाळत होतं. कुलगुरूंचे शिष्य लगेच म्हणाले, "पोटदुखी! ओव्याचं पाणी द्या."

"ते पाजलंय हो!" आई रडकुंडीला आली. तिनं मूल कुलगुरूंच्या हाती दिलं आणि मटकन खाली बसली.

आचार्या वर्गाकडे वळली, "काय समजलं नाही, ते सांगा."

वर्गातली एक मुलगी चाचरत म्हणाली, "मला समजत नाही... पोट दुखतंय, तर मान का तिरकी धरतोय?"

शेजारच्यानं आईला विचारलं, "ताई, कुठल्या कुशीवर जास्त रडतो?"

"डाव्या. पण हे कुणी विचारलंच नाही!"

"दुखायच्या आधी कुठे होता?"

"माझ्याजवळच. मी ज्वारी निवडत होते."

सगळे डाव्या कानाकडे धावले. आत ज्वारीचा दाणा होता. आचार्येनं कान खाली करून अलगद हलवला, तसा तो घरंगळला.

मुलानं दोन हुंदके दिले आणि कुलगुरूंच्या खांद्यावरच झोपून गेलं.

"आता हलू नका हं, उठेल," आई कुजबुजली.

मग काय करतात? विद्यार्थ्यांच्या शंका ऐकत कुलगुरू पाठ संपेपर्यंत तसेच उभे राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "दाणा कानात फुगतो का हो? मला... मला ठाऊक नाही."

आचार्येला सामान बांधावं लागलं नाही.

तात्पर्य: "मला समजलं नाही" असं जिथे न घाबरता म्हणता येतं, तिथेच शिकणं सुरू होतं.