वडावरची ‘काव’ चाचणी

माणसं सभा भरवायला शिकली त्याच्याही आधीची गोष्ट. एका वडावर कावळ्यांनी नियम केला की, ज्याला स्वच्छ ‘काव’ म्हणता येईल त्यानेच इथे घरटं बांधावं.

दुरून आलेली साळुंकी अंडी घालण्याच्या बेतात होती. तिने जीव तोडून प्रयत्न केला, पण निघालं भलतंच.

“चालत्या व्हा,” अध्यक्ष डोमकावळे म्हणाले. “जाण्यापूर्वी आमच्या चिरंजीवांचं ऐका.”

चिरंजीवांनी ऐटीत मान उंचावली आणि म्हणाले, “कुहू.”

सभेतल्या सगळ्या माना अध्यक्षांकडे वळल्या.

“घसा बसलाय हो त्याचा,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

“माझाही बसलाय, काकू,” साळुंकी म्हणाली.

अध्यक्षांनी बराच वेळ फांदीवर चोच घासली आणि मग साळुंकीला जागा दाखवली. त्या वडावर आजही घसा बसलेले पुष्कळ पक्षी सुखाने नांदतात.