नवरीच्या आईबापांची पहिली पंगत

आंबेवाघळीच्या माळावरचा हा बंगला लग्नासाठी ठरवायला माणसे येतात, तेव्हा मी त्यांना चौक दाखवतो, आमराई दाखवतो, मुदपाकखाना दाखवतो. भाडे, गाड्यांची जागा, सगळे बोलून होते. मग शेवटी एक अट सांगतो. इथे पहिल्या पंगतीला नवरीचे आईवडील बसतात. वरपक्ष त्यांच्यानंतर. काही जणांच्या कपाळाला आठी पडते, म्हणून पुढची हकिगत सांगावी लागते.

हा बंगला तुळाजीराव इनामदारांनी बांधला. त्यांना चंद्रा नावाची एकुलती एक लेक. तिच्या लग्नासाठी मधला चौक त्यांनी मुद्दाम मोठा ठेवला आणि दगडी बोहला घडवून घेतला. पण बोहल्याचे काम पुरे झाले त्याच वर्षी चंद्रा तापाने गेली. तुळाजीरावांनी चौकाला कुलूप घातले आणि किल्ली कमरेला बांधली. बंगल्यासमोरून कुणाची वरात गेली तर वाजंत्री थांबवावी लागे, असे सांगतात.

पुढे कितीतरी वर्षांनी, चैत्रात, गावातल्या धोंडू कुंभाराच्या गंगूचे लग्न निघाले. मुहूर्त गोरजाचा. दुपारी वऱ्हाड येऊन टेकले आणि आभाळ फाटले. लिंबाएवढ्या गारा पडल्या म्हणे. मांडव उडाला, चुली विझल्या, भाताच्या हंड्यांत चिखल गेला. नवरदेवाचा चुलता म्हणाला, "हा अपशकुन आहे. गाड्या जुंपा."

गंगूची आई भागा लेकीचा हात धरून थेट या बंगल्याच्या दारात आली. इनामदारांच्या पत्नी जानकीबाई ओसरीवर होत्या.

"वैनीसाहेब, घडीभर छप्पर द्या. पोर हळदीनं न्हालीय. वऱ्हाड परत गेलं तर हिला कोण पदरात घेणार?"

जानकीबाई आत गेल्या आणि त्यांनी नवऱ्यापुढे हात पसरला. "किल्ली द्या."

"चंद्राच्या बोहल्यावर दुसऱ्याची पोर चढवू?"

"चंद्रा काही परत यायची नाही. बाहेर एक पोर हळदीच्या अंगानं भिजत उभी आहे. तिला घालवून दिलं, तर उद्यापासून या घरात माझ्या घशाखाली घास उतरणार नाही."

 तुळाजीरावांनी कमरेची गाठ सोडायला घेतली. इतक्या वर्षांची गाठ सुटेना. ती जानकीबाईंनी सोडली.

चौक उघडला. कोळिष्टके झाडली, समया लागल्या, इनामदारांचा निरोप गेला तसे वऱ्हाड आत आले, आणि गंगूच्या डोक्यावर अक्षता वेळेवर पडल्या. तुळाजीराव खांबाला टेकून उभे होते. ते रडले असे कुणी म्हणतात, कुणी नाही म्हणतात.

इनामदारांच्या मुदपाकातून पिठले, भाकरी आणि गूळभात आला. रिवाजाप्रमाणे वरपक्ष पाटांवर बसायला निघाला. धोंडू आणि भागा ओल्या कपड्यांनी, सकाळपासून उपाशी, हात जोडून बाजूला उभे होते. तुळाजीरावांनी ते पाहिले.

"थांबा," ते म्हणाले. "आधी या दोघांना बसवा."

चुलता गुरगुरला, "मुलीकडचे आधी? असं कुठं असतं?"

"पोटची पोर देऊन टाकलीय त्यांनी. मला ते सुख मिळालं नाही, म्हणून मला ठाऊक आहे ते केवढं मोठं आहे." एवढे बोलून इनामदारांनी भाताचे पातेले उचलले आणि कुंभाराच्या पानात स्वतः वाढले.  मग कुणी न सांगता चुलत्याने तुपाची वाटी उचलली आणि त्यांच्या मागोमाग वाढत गेला.

त्या वर्षापासून चौकाला कुलूप लागले नाही. माळावरून जाणाऱ्या वराती इथे मुद्दाम थांबून वाजंत्री वाजवू लागल्या.

आजही इथे लग्न असले की इनामदारांच्या भावकीतले कुणीतरी पहिले पान वाढायला येते. नवरीचे आईवडील संकोचतात, अर्धे उठतात, "पाहुण्यांचं आधी होऊ द्या" म्हणतात. त्यांना खांद्याला धरून खाली बसवावे लागते. मग गूळभातावर तूप पडते, आणि वरपक्षातलेच कुणीतरी मागून सांगते, "जेवा सावकाश. आम्ही थांबलोय."