निळ्या माशाचे उसासे

खूप जुनी गोष्ट आहे, मंडळी. इतकी जुनी, की समुद्राचं मीठ मापात घालून विकायचं अजून कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. तेव्हा एका बेटावर एका राजाचं राज्य होतं. त्याच्या महालात खाऱ्या पाण्याचा मोठा हौद होता आणि त्यात देशोदेशीचे रंगीत मासे होते.

नवा मासा आला की तो थेट महालात जात नसे. किनाऱ्यापासून लांब, एका खडकावर दगडात खोदलेली दोन टाकी होती. त्यातल्या एका टाक्यात तो चाळीस दिवस एकटा राही. अंगात रोग असलाच, तर तो तिथेच कळावा आणि तिथेच बरा व्हावा.

त्यांची राखण करणारा माणूसही माशांचे दिवस भरेपर्यंत तिथे एकटाच राही. त्याचे हात रोग्यांच्या पाण्यात बुडालेले, म्हणून खडकाला कुणी होडी लावत नसे. दर दोन दिवसांनी एक म्हातारी गोडं पाणी आणि भाकरी घेऊन येई, वल्ह्याने खडकावर सरकवी, दोन शब्द बोले आणि माघारी वळे. ते दोन शब्द राखणदाराला दोन दिवस पुरवावे लागत.

एकदा दूरच्या बेटावरून एक निळा मासा आला. रिवाज असा, की नव्या माशाला पहिल्याच दिवशी काळ्या मडक्यातल्या गोड्या पाण्यात थोडा वेळ धरून रोग आहे का ते बघायचं. राखणदाराने मडकं भरलं, माशाकडे पाहिलं आणि मडकं बाजूला ठेवलं. "आधीच घरदार सुटलंय बिचाऱ्याचं. त्यात आणखी छळ कशाला?"

चार दिवसांनी माशाने खाणं सोडलं. तो दगडाला अंग घासू लागला. कल्ले भराभर हलू लागले. ज्या फटीतून समुद्राचं पाणी आत येई, तिथे तोंड करून तो दिवसभर उभा राही.

राखणदाराला वाटलं, आपल्याला सगळं कळलं. हा घराच्या वाटेकडे डोळे लावून बसलाय. उसासे टाकतोय. जवळचं कुणी नाही, म्हणून दगडालाच बिलगतोय.

एका पेठेत एक अत्तरवाला होता. त्याला पडसं झालं, तर त्याने गुलाबाची भरली कुपी हुंगली, "यात वासच नाही" म्हणाला आणि गटारात ओतून दिली. सगळी पेठ दोन दिवस दरवळत होती, एकटा तो सोडून! राखणदाराचं तसंच झालं.

शेजारच्या टाक्यात एक पिवळा मासा होता. अडतीस दिवस झालेले, अगदी ठणठणीत, परवा महालात जायचा. राखणदाराने तो उचलला आणि निळ्याजवळ सोडला. "घे, सोबत घे." त्या दिवशी त्याला भाकरी गोड लागली.

महालातून पिवळ्यासाठी बोलावणं आलं, तेव्हा त्याने "अजून थोडे दिवस थांबा" असा निरोप धाडला. आठवडा झाला आणि पिवळाही दगडाला अंग घासू लागला. मग तो तळाशी आडवा झाला.

तेवढ्यात म्हातारीची होडी आली.

"काय रे, बोलत का नाहीस? माशांत राहून नुसतं तोंड उघडायचं आणि मिटायचं, एवढंच उरलं का?"

"मावशी, दोघेही जायला निघालेत गं. एकाला करमत नव्हतं, म्हणून सोबत दिली. आता सोबतीलाही करमेना."

"करमत नाही, असं माशाने सांगितलं तुला?"

"सारखे उसासे टाकतो ना!"

"मासा रे तो! उसासे तू टाकतोस. मला होडीत ऐकू येतात." तिने वल्हं थांबवलं. "मडक्यात काय दिसलं?"

राखणदाराने बाजूला ठेवलेल्या मडक्याकडे पाहिलं.

"बुडवलाच नाहीस? मोठा दयाळू! भर आता, माझ्यासमोर भर."

त्याने मडकं भरलं. पाणी टाक्यातल्या पाण्याइतकंच कोमट केलं आणि निळ्याला त्यात अलगद धरलं. शंभर मोजले, दोनशे मोजले. मडक्याच्या काळ्या तळाशी तिळाएवढे पांढरे ठिपके पडू लागले. एकेक ठिपका म्हणजे माशाच्या अंगाला आणि कल्ल्यांना चिकटलेला जीव होता. गोडं पाणी माशाला तेवढा वेळ सोसत होतं, त्यांना सोसत नव्हतं. हळूहळू निळ्याचे कल्ले संथ झाले.

मग तो पिवळ्याकडे वळला. पिवळा तळाशीच होता. त्याचे कल्ले हलत नव्हते.

राखणदाराने त्याला ओंजळीत घेतलं. "मावशी, करमत नव्हतं ते मला."

"ठाऊक आहे," म्हातारी म्हणाली. तिला आणखी काही बोलायचं असावं, पण भरती चढत होती. तिने होडी वळवली.

राखणदाराने दुसरं टाकं घासून कोरडं केलं, समुद्राच्या ताज्या पाण्याने भरलं आणि निळ्याला त्यात हलवलं. आठ दिवसांनी पुन्हा गोड्या पाण्यात धरलं. मासा खाऊ लागला, वाचला. पण रिवाजाप्रमाणे त्याचे चाळीस दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. राखणदाराचेही.

दुसऱ्याचं दुखणं ओळखायला बसाल, तेव्हा आधी आपलं दुखणं बाजूला काढून ठेवा.